एअर पिस्तूलच्या कॉम्पेन्सेटरबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : कॉम्पेन्सेटर बदलून मिळणे व माहितीपत्रक दुरुस्त करणे

महोदय,

आमच्या नेमबाजी क्लबने १० मीटर एअर पिस्तूलसाठी आपल्याकडून घेतलेला कॉम्पेन्सेटर (नळीच्या तोंडावर बसवायचा भाग) छर्‍याला घासतो. छर्‍यामागून येणारी हवा वरच्या खाचांतून बाहेर काढायची, म्हणजे पिस्तुलाचे तोंड उसळत नाही, हे त्याचे काम. त्यासाठी छर्रा आतल्या छिद्रातून कुठेही न टेकता गेला पाहिजे.

व्हर्निअरने घेतलेली मापे अशी : नळीचा बाहेरचा व्यास १५.० मिमी, आपल्या भागाचा आतला व्यास १५.२. नळीवर तो फक्त २० मिमी चढतो आणि पुढे ५० मिमी निघतो. एवढ्या ढिलाईत टोक अर्धा मिमी बाजूला जाऊ शकते. छिद्र ५ मिमी, छर्रा ४.५, म्हणजे प्रत्येक बाजूला मोकळीक जेमतेम पाव मिमी. सर्वांत पुढच्या छिद्राच्या डाव्या कडेवर शिशाची करडी रेघ स्पष्ट दिसते. फोटो जोडला आहे.

हा भाग दोन ग्रब स्क्रूंनी (बिनडोक्याच्या बारीक स्क्रूंनी) नळीवर आवळायचा असतो. माहितीपत्रकात ‘पुढचा ग्रब स्क्रू आधी पूर्ण आवळा’ असे छापले आहे. तेच चुकीचे आहे. दोन्ही स्क्रू उजवीकडे असल्याने पुढचे टोक उजवीकडे ओढले जाते आणि मागचा स्क्रू आवळला तरी सरळ होत नाही. हवेचा सिलिंडर काढून, नळी रिकामी असल्याची खात्री करून, दोन्ही स्क्रू आळीपाळीने पाव-पाव फेरा आवळायला हवेत. तसे केल्यावर घासणे कमी झाले, थांबले नाही. पिस्तूल शिकंजात धरून घेतलेल्या दहा छर्‍यांपैकी दोन लक्ष्यावरच्या आठ गुणांच्या वर्तुळात गेले. कॉम्पेन्सेटर काढल्यावर दहाही छर्रे दहा गुणांच्या, म्हणजे ११.५ मिमीच्या वर्तुळात बसले. आपल्या प्रतिनिधीने छर्रे बदलायला सांगितले. तीन वेगळ्या डब्यांतले वापरूनही फरक पडला नाही.

फ्रंट साइट (नेम धरायची पुढची खूण) याच भागावर असल्याने दोष लपतो. साइट जुळवली की छर्‍यांचा गट मध्यावर येतो, पण अधूनमधून एखादा छर्रा भरकटतो आणि नवशिकी मुले आपलाच चाप चुकला असे धरून बसतात. महिनोन्महिने त्यांचा आत्मविश्वास असा झिजावा, हे आम्हाला मान्य नाही.

नळीवर घट्ट बसणारा नवा भाग किंवा पूर्ण रक्कम १५ दिवसांत मिळावी, आणि माहितीपत्रक सर्व ग्राहकांसाठी दुरुस्त करावे. अन्यथा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागू.

आपले,
क्लबचे प्रशिक्षक