नायजरच्या नागरिकांनी आता दाद कुठे मागायची?

महोदय,

माली, बुर्किना फासो आणि नायजर हे देश २९ जानेवारी २०२५ रोजी ‘इकोवास’ या पश्चिम आफ्रिकी आर्थिक संघातून बाहेर पडले. चर्चा झाली ती लष्करी राजवटींची, फ्रान्सची आणि रशियाची. तिथल्या सामान्य माणसाने काय गमावले, हे मात्र फारसे कुणी लिहिले नाही.

त्याने गमावले ते इकोवासचे न्यायालय. ते नायजेरियाची राजधानी अबुजात आहे. संघ व्यापारासाठी निघालेला, त्यामुळे तिथे जाण्याचा हक्क सुरुवातीला सरकारांपुरताच होता. नायजेरियाने बेनिनची सीमा बंद केल्याने सौदा अडलेल्या एका व्यापाऱ्याचा दावा २००४ मध्ये याच कारणावरून फेटाळला गेला. पुढच्याच वर्षी नियम बदलले. मानवी हक्क डावलले गेले तर कुणीही थेट अबुजाला जाऊ शकतो. आधी देशातली सगळी न्यायालये पालथी घालण्याची अट नाही. इतकी मोकळी वाट जगात विरळाच!

नायजरच्या हदिजातू मानीला बाराव्या वर्षी २ लाख ४० हजार सेफा फ्रँकला (हे तिथले चलन) विकले गेले. २००५ मध्ये ‘मालका’ने सुटकेचा कागद दिला. तिने मनासारखे लग्न केले, तर तो म्हणाला, ही माझीच बायको. देशातल्या न्यायालयाने द्विविवाहाबद्दल सहा महिन्यांची कैद ठोठावली, तीही तिलाच. अबुजाच्या न्यायाधीशांनी नायजरची राजधानी नियामेला जाऊन तिची बाजू ऐकली. २७ ऑक्टोबर २००८ रोजी त्यांनी गुलामगिरीपासून तिचे रक्षण न केल्याबद्दल नायजर सरकारला जबाबदार धरले आणि एक कोटी सेफा फ्रँक भरपाई द्यायला लावली. सरकारने ती दिलीही.

त्याच नायजरमधल्या लष्करी राजवटीने, पदच्युत अध्यक्ष बझूम यांना सोडण्याचा याच न्यायालयाचा डिसेंबर २०२३ मधला आदेश धुडकावला.

आफ्रिकेच्या दक्षिणेत तर न्यायालयच मोडीत काढले गेले. झिम्बाब्वे सरकारने गोऱ्या शेतकऱ्यांकडून घेतलेल्या शेतजमिनींच्या खटल्यात ‘सादेक’ या दक्षिण आफ्रिकी देशांच्या संघाच्या, नामिबियातील विंडहोकच्या न्यायाधिकरणाने सरकारविरुद्ध निकाल दिला, आणि २०१० मध्ये सदस्य देशांच्या प्रमुखांनी त्याचे काम थांबवले. जमिनीचा प्रश्न वसाहतकाळापासूनचा आणि खराच आहे. पण त्यासाठी सगळ्याच नागरिकांची दाद बंद करणे हा अन्याय होता. दक्षिण आफ्रिका या देशाच्या संवैधानिक न्यायालयाने २०१८ मध्ये आपल्या अध्यक्षांचा त्यातला सहभाग घटनाबाह्य ठरवला, हे मोठे काम झाले.

बाहेर पडलेल्या तिन्ही देशांच्या मालाला आणि प्रवाशांना पूर्वीच्याच सवलती तूर्त चालू राहतील, असे इकोवासने जाहीर केले. मालाला जे मिळाले ते फिर्यादीलाही मिळायला हवे. पुढच्या वाटाघाटींत अबुजाचा दरवाजा या नागरिकांसाठी उघडा ठेवण्याची अट इकोवासने घालावी.

– एक वाचक, सातारा