बाळाच्या शीचा रंग विचारा

महोदय,

माझी मुलगी पाच महिन्यांची आहे. तिला ‘बिलिअरी अट्रेशिया’ आहे. यात यकृतातले पित्त आतड्यात नेणाऱ्या नळ्याच बंद असतात. पित्त आत तुंबते आणि यकृत खराब होत जाते. यावर ‘कासाई’ नावाची शस्त्रक्रिया आहे. आतड्याचा भाग थेट यकृताला जोडतात. ती जन्मापासून साठ दिवसांच्या आत झाली तर गुण येण्याची आशा जास्त. आमच्या लेकीची झाली तेव्हा दोन महिने उलटून गेले होते. तोवर कुणी कोवळे ऊन दाखवायला सांगत होते, कुणी काविळीची माळ आणून देत होते, आणि तिची शी शाडूच्या मातीसारखी पांढुरकी होती. त्याबद्दल आम्हाला कुणीच विचारले नाही.

शस्त्रक्रिया झाली म्हणजे सुटलो, असे या आजारात नसते. पित्त उतरते की नाही याची पहिली खूण शीच्या रंगात दिसते. म्हणून मी प्रत्येक दुपटे खिडकीशी उजेडात नेऊन बघते. हे रात्रपाळीवरून फोन करतात तेव्हा पहिला प्रश्न तोच, ‘रंग कसा आहे?’ पिवळा म्हटले की आम्हा दोघांना घास गोड लागतो. ताप आला तर पित्तमार्गात जंतुसंसर्ग झाल्याची भीती, मग रात्री-अपरात्री गाडी करून सांगली गाठायची. शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांनी रक्तातले बिलिरुबिन, म्हणजे काविळीत वाढणारे पिवळे द्रव्य, दोनच्या (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) खाली आले तर यकृत तग धरण्याची आशा वाढते. नाही आले तर बहुधा प्रत्यारोपण. ती तपासणी पुढच्या महिन्यात आहे. यांचा रक्तगट लेकीशी जुळतो, म्हणून वेळ पडलीच तर आपले यकृत चांगले असावे या एका विचाराने यांनी दारू बंद केली आहे.

धीर द्यायला येणारे ‘सगळं छान होईल’ म्हणतात. मला खरा आधार वाटला तो डॉक्टरीणबाईंच्या बोलण्याचा. त्या म्हणाल्या, ‘आत्ता सांगता येणार नाही. तीन महिन्यांनी सांगेन. तोवर औषध चुकवू नका आणि वजन बघत राहा.’ त्या रात्री वॉर्डात मला झोप लागली.

पुढचे आमच्या हातात नाही. पण निदानाआधी गेलेले दिवस वाचवता येतात, आणि त्यासाठीच हे पत्र. तैवानने 2004 पासून देशभर पालकांना शीच्या रंगांचे कार्ड दिले. जपानमध्ये 2012 पासून ते माता-बाल पुस्तिकेतच असते. आपल्याकडे आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात, बाळाचे वजन करतात, ताप बघतात. त्यांच्या हाती असे रंगीत कार्ड असावे आणि दर भेटीत त्यांनी शीचा रंग विचारावा. फिकट असेल तर त्याच दिवशी बाळाला डॉक्टरकडे पाठवावे. चौदा दिवसांनंतरही कावीळ दिसली तर डॉक्टरांनी ‘डायरेक्ट बिलिरुबिन’ची (पित्त तुंबले की रक्तात वाढणाऱ्या बिलिरुबिनची) तपासणी लिहून दिलीच पाहिजे, मग बाळ अंगाने कितीही गुटगुटीत दिसो. आमची लेकही तशीच दिसत होती.

राज्याच्या आरोग्य विभागाने याची दखल घ्यावी, ही कळकळीची विनंती.

– एक आई, तासगाव (जि. सांगली)