गुडघ्याचं कारण सांगायच्या आधी हे वाच

प्रिय मित्रा,

परवा फोनवर तू म्हणालास ना, की या वयात कसलं सॉफ्टबॉल घेऊन बसलास, तेव्हा मी गप्प राहिलो कारण मागून वहिनी तुला हाका मारत होत्या आणि दोन मिनिटांत सांगून होण्यासारखं ते नव्हतंच. म्हणून आता लिहायला बसलोय. लांबणार आहे, सावकाश वाच, पण पूर्ण वाच.

एकसष्टाव्या वर्षी मी पहिल्यांदा ग्लोव्ह हातात घातला, आता तीन वर्षं झाली. रिटायर झाल्यावरचे ते पहिले काही महिने तुला माहितीच आहेत, सकाळी उठायचं कशासाठी हेच कळेनासं झालं होतं, चालायला जायचो पण एकटाच, आणि दिवसभरात घरातल्यांशी सोडून कोणाशी बोलणंच होत नसे. शेजारच्या गृहस्थांनी दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा गेलो. ग्राउंडवर पाहतो तर सगळे आपल्याच वयाचे, कोणी पन्नाशीचा तर कोणी सत्तरी ओलांडलेला, आणि सगळे लहान पोरांसारखे एकमेकांवर ओरडत होते.

तू म्हणतोस हा पोरांचा खेळ. अरे, १८८७ साली शिकागोत एका बोट क्लबच्या हॉलमध्ये बेसबॉलचाच भाऊ असलेला हा खेळ सुरू झाला तो मोठ्या माणसांनीच केला. फुटबॉल मॅचचा निकाल यायची वाट बघत बसलेली ही मंडळी, एकाने बॉक्सिंगचा ग्लोव्ह फेकला, दुसऱ्याने काठीने टोलवला, मग तोच ग्लोव्ह दोरीने बांधून त्याचा बॉल केला आणि जॉर्ज हँकॉक नावाच्या माणसाने नियम लिहून काढले. सॉफ्टबॉल हे नाव तर १९२६ साली आलं. म्हणजे वेळ घालवायला बसलेल्या मोठ्या माणसांचाच हा खेळ मुळात. फक्त नावावर जाऊ नकोस, सॉफ्ट वगैरे काही नाही, १२ इंच घेराचा चांगला टणक बॉल असतो, नीट नाही घेतला तर बोट सुजतं.

आम्ही खेळतो ते स्लोपिच. टीव्हीवर ऑलिंपिकमध्ये मुली हात गोल फिरवून गोळीसारखा बॉल टाकतात ते फास्टपिच, ते वेगळं. आमच्यात बॉल खालून, वर कमानीत टाकावा लागतो, म्हणजे जमिनीपासून किमान ६ फूट तरी वर जाऊन मग खाली यायला हवा, सपाट टाकला तर चालत नाही. बॉल टाकणारा, म्हणजे पिचर, मारणाऱ्यापासून ५० फुटांवर उभा असतो, त्यामुळे बॉल येताना तुला दिसतो, पूर्ण दिसतो. आणि तरी मारता येत नाही! हे मला पहिल्या दिवशी कळलंच नाही, एवढा हळू बॉल आणि मी तीनदा हवेत बॅट फिरवली. मग आमचा पिचर, एकाहत्तर वर्षांचा, बायपास झालेला माणूस, जवळ आला आणि म्हणाला घाई करताय, बॉल वरून खाली येतोय, थांबा. एवढंच. थांबायला शिकायला मला दोन महिने लागले.

या माणसाला जवळून बघायला हवंस तू. बॉल हातात घेतला की आधी अंगठ्याने शिवण चाचपतो, मग बोटांची टोकं शिवणीवर आडवी ठेवतो, हात एकदा मागे नेतो आणि सोडताना मनगट किंचित वर वळवतो की बॉल मागच्या मागे फिरत वर जातो, डोक्याच्या वर जाऊन क्षणभर थबकल्यासारखा वाटतो आणि मारणाऱ्याजवळ जमिनीवर जी प्लेट असते तिच्या अगदी मागच्या कडेला टपकतो. प्रत्येक वेळी तिथेच. ताकद म्हणशील तर त्यात काहीच नाही रे, नुसता हात आणि नजर. मी पंधरा पंधरा मिनिटं नुसता ते बघत उभा राहिलोय.

आणि हेच तुला सांगायचंय. पळणं कमी झालं, खांदा पूर्वीसारखा नाही, हे खरंय, पण बॉल कुठे पडणार हे ओळखायची नजर वयाने जात नाही, उलट येते. मी लेफ्ट फिल्डला, म्हणजे मैदानाच्या लांबच्या डाव्या बाजूला असतो. सुरुवातीला बॅटचा आवाज झाला की मी पुढे धावायचो आणि बॉल डोक्यावरून मागे जायचा. आता आवाजावरूनच कळतं, ठक असा कोरडा आवाज आला की मागे वळायचं, पोकळ आला की पुढे. पहिलं पाऊल नेहमी मागे टाकायचं, हे ही तिथल्याच एकाने शिकवलं, कारण पुढे यायला सोपं असतं, मागे जाताना बॉलवरची नजर सुटते. गेल्या महिन्यात एक उंच बॉल आला, मी वळलो, खांद्यावरून बघत पाच सहा पावलं गेलो, ग्लोव्ह वर केला आणि बॉल आत बसला तो धप्प आवाज, अरे चौसष्टाव्या वर्षी असं काही वाटेल असं मला कोणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं. घरी आल्यावर रात्री झोपेपर्यंत तो आवाज कानात होता.

आता दुखापतीचं. लपवत नाही तुझ्यापासून. तिसऱ्याच आठवड्यात मांडीचा मागचा स्नायू गेला. झालं असं की दोन इनिंग मी बेंचवर बसून होतो, अंग थंड पडलेलं, बॅटिंगला बोलावलं, बॉल लागला आणि मी पहिल्या बेसकडे, म्हणजे पळत गाठायच्या पहिल्या टप्प्याकडे, जीव तोडून सुटलो, चौथ्या पाचव्या पावलाला मागून कोणीतरी दगड मारल्यासारखं झालं. वळून पाहिलं, कोणीच नव्हतं. सहा आठवडे घरी. तेव्हा वाचलं, विचारलं, तर कळलं की वयानुसार स्नायू कमी होतात ते होतातच, पण त्यातले झटक्यात काम करणारे तंतू आधी आणि जास्त आटतात, आणि थांबलेल्या जागेवरून एकदम धावायला नेमके तेच लागतात. म्हणून आमच्या वयाच्या लोकांना हीच दुखापत जास्त दिसते, ही आणि टाचेच्या वरची शीर. उपाय काय तर उभं राहून पाय ताणत बसायचं नाही, हालचाल करत अंग गरम करायचं, आधी चालायचं, मग जॉगिंग, मग अर्ध्या वेगाने तीन चार धावा, मग पाऊण वेगाने, आणि बॅटिंगचा नंबर यायच्या आधी बेंचवरून उठून परत थोडं पळून घ्यायचं. शिवाय आठवड्यातून दोनदा घरी मांड्यांचे आणि पोटऱ्यांचे व्यायाम. हे धरलं तेव्हापासून अडीच वर्षांत परत काही झालेलं नाही.

चष्म्याचं पण ऐक, हे कोणी सांगत नाही. आपला तो जवळचा लांबचा एकत्र असलेला चष्मा खेळताना अजिबात घालू नकोस. त्याच्या खालच्या भागातून वाचायचं असतं ना, मग जमिनीवरून सरपटत येणारा बॉल पायाशी आला की बरोबर तेव्हाच धूसर होतो. फक्त लांबचा नंबर असलेला, न फुटणाऱ्या काचांचा वेगळा करून घे.

आणि तुझा गुडघा. मला माहितीये पत्र वाचता वाचता तू तिथेच अडलेला असणार. मित्रा, वयस्क लोकांच्या सॉफ्टबॉलमध्ये नियमच असे केलेत की गुडघे वाचावेत. पहिला बेस डबल असतो, अर्धा पांढरा अर्धा केशरी, पळणारा केशरीवर पाय देतो आणि फिल्डर पांढऱ्यावर, म्हणजे दोघांची टक्कर नाही. बहुतेक ठिकाणी होमला, म्हणजे धाव पूर्ण होते तिथे, पण रनरसाठी वेगळी प्लेट बाजूला ठेवतात, त्यामुळे मागे बॉल पकडायला बसलेल्या कॅचरच्या अंगावर कोणी येत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तू बॉल मारून बेसपर्यंत पोचलास की तुझ्या जागी दुसऱ्याने पळायची सोय असते, कर्टसी रनर म्हणतात त्याला. यात कमीपणा काही नाही, आमच्यात प्रत्येक मॅचला तीन चार जण घेतात. परदेशात तर पन्नाशीपासून पुढे दर पाच वर्षांचा वेगळा गट असतो, ऐंशीच्या पुढचे गटही आहेत.

मला वाटतं तू पिचर हो. तुझ्या हातात ते आहे, शाळेच्या मैदानावर तू बसल्या जागेवरून खडा मारून खांबाला लावायचास ते मी विसरलेलो नाही. फक्त मास्क घालायचा, त्यात तडजोड नाही, कारण पन्नास फुटांवरून मारलेला बॉल सरळ तोंडावर येऊ शकतो आणि आपले हात आता तेवढ्या पटकन वर येत नाहीत. आमच्या पिचरला एकदा खांद्यावर बसला, थोडा वर असता तर काय झालं असतं हा विचार करून मला अजून कसंतरी होतं, त्या दिवसापासून तो मास्कशिवाय उभा राहिलेला नाही.

आणखी एक, हे लिहू की नको असं चाललं होतं. तुझं घराबाहेर पडणं बंद झालंय हे मला वहिनींनी सांगितलं. त्यांच्यावर चिडू नकोस, काळजीने सांगितलं. मी त्यातून गेलोय म्हणून सांगतो, मला औषधापेक्षा ते नऊ दहा लोक जास्त कामाला आले ज्यांना रविवारी सकाळी माझी गरज होती, कारण मी नाही गेलो तर लेफ्ट फिल्ड रिकामं राहतं आणि कोणीतरी सहा वाजता फोन करतो, अहो कुठे आहात. तो फोन मला आवडतो.

डॉक्टरांना गुडघा दाखवून एकदा विचारून घे, बीपीचं पण विचार. मग रविवारी ये, पहिल्या दिवशी नुसतं बघायला ये. माझ्याकडे जुना ग्लोव्ह आहे, चांगला मऊ झालाय, तो तुझ्यासाठी काढून ठेवलाय. बूट रबरी खिळ्यांचे घे, लोखंडी आमच्याकडे चालत नाहीत. आणि बेसवर पोचलास की तुझ्या जागी मी पळेन, हे मी आमच्या कॅप्टनला आधीच सांगून ठेवलंय.

शनिवारी रात्री फोन करतो, उचल.

तुझाच