दोन रिंगा वाजवणाऱ्या मावशींना

प्रिय मावशी,

येशूच्या नावात सलाम.

हे पत्र तुम्हाला आवडणार नाही. "चारचौघांत सांगण्यासारखं काय आहे त्यात" असंच म्हणाल, म्हणून तुमचं नाव कुठंही घातलेलं नाही. पण परवा उपासना संपल्यावर मागच्या बाकावरच्या एका बाई सहज बोलून गेल्या की त्यांचा फोन रोज रात्री सव्वानऊला दोनदा वाजून बंद होतो. मी म्हटलं, माझा नऊ दहाला! दोघी एकमेकींकडे बघतच राहिलो. म्हणजे मी एकटी नाही, तुमच्याकडे अख्खी यादी आहे. तेव्हाच ठरवलं, आता लिहायचंच.

भाऊ गेला त्याला सव्वा वर्ष होत आलं. आजारपणाचं सांगत बसत नाही. पण त्या काळातला एक राग अजून गेलेला नाही, तो आधी काढून टाकते.

तो अंथरुणावर असताना एक प्रार्थना-गट घरी आला होता. त्यांनी तेल लावलं, डोक्यावर हात ठेवले, मोठमोठ्यानं प्रार्थना केली. बरं वाटलं तेव्हा, खोटं कशाला बोलू. जाताना त्यांच्यातल्या एकानं मला दाराशी गाठून सांगितलं, "आता आजार हा शब्द तोंडातून काढायचा नाही. तो बरा झालाय असंच बोलायचं. शंका आली की आशीर्वाद अडतो." त्यानंतर तीन आठवडे मी भावाला एकदाही विचारलं नाही की तुला दुखतंय का. विचारलं तर तो अविश्वास ठरेल म्हणून. एका रात्री तो म्हणाला, "ताई, मला भीती वाटते." मी म्हणाले, "असं बोलायचं नाही."

मावशी, हे आजवर फक्त तुम्हाला ठाऊक होतं.

तो गेला तेव्हा तोच माणूस आला आणि म्हणाला, "कुठंतरी विश्वास कमी पडला." कुणाचा ते बोलला नाही. बघत मात्र माझ्याकडे होता.

पुढचे आठ दिवस फोन वाजत राहिला. अकरा जणांनी एकच वचन पाठवलं, बायबलमधलं पौलाचं रोमकरांस पत्र, अध्याय 8, वचन 28. देवावर प्रीती करणाऱ्यांना सगळ्या गोष्टी मिळून कल्याणकारक होतात, ते. एकानं तर उगवत्या सूर्याच्या चित्रावर छापलेलं पाठवलं. वचनात काही खोट नाही, पण मातीचे हात अजून धुवायचे असताना कल्याण शब्द वाचवत नाही. आणि काहीजणी "फक्त प्रार्थनेसाठी म्हणून सांगते हं" करत आमच्या घरातलं सगळं या कानाचं त्या कानाला पोचवत होत्या, त्यांच्याबद्दल न बोललेलंच बरं.

प्रार्थना माझी तेव्हाच थांबली होती. प्रभूची प्रार्थना सुरू करायचे आणि "तुझ्या इच्छेप्रमाणे होवो"पाशी जीभ अडायची. रोज तिथंच. शेवटी सुरू करणंच सोडलं.

तुम्ही नवव्या की दहाव्या दिवशी आलात. बसलात. बराच वेळ काही बोलला नाहीत. मग विचारलंत, "प्रार्थना होते का गं?" मी नाही म्हटलं आणि मनातल्या मनात कंबर कसली, आता प्रवचन येणार. तुम्ही म्हणालात, "बरं. मग तू राहू दे. तुझ्या वाटची मी करते."

मला ते कळलंच नाही आधी. प्रार्थना काय वाटणीनं करायची गोष्ट आहे? मी फोन पुढे केला, ती अकरा वचनं दाखवली, थोडी चिडूनच. तुम्ही चष्मा आणला नव्हता. फोन हातभर लांब धरून डोळे बारीक करून वाचलंत आणि म्हणालात, "हे सगळे अठ्ठाविसाव्या वचनावर कसे उतरले? सव्विसावं वाटेत लागत नाही का?"

त्या दिवसात पहिल्यांदा मी हसले.

मग शास्त्र काढायला लावलंत. त्याच अध्यायात, दोनच वचनं वर. प्रार्थना कशी करावी हे आपल्याला ठाऊक नसतं तेव्हा आत्मा स्वतः, शब्दांत न मावणाऱ्या कण्हण्यानं, आपल्यासाठी मध्यस्थी करतो. त्याच्याही वर, बाविसाव्या वचनात सगळी सृष्टी कण्हते, तेविसाव्यात आपण कण्हतो. तुम्ही बोट ठेवून दाखवलंत, "बघ, तीनदा कण्हणं आहे, मग कल्याण. पौलाला घाई नव्हती." इतकी वर्षं तो अध्याय वाचतेय, कधी मोजलं नव्हतं.

निघताना चपला घालता घालता म्हणालात, "रात्री तुझ्यासाठीची प्रार्थना झाली की फोन वाजवीन. उचलू नकोस. दोनदा वाजून थांबला की समज, आजची झाली."

मावशी, त्या दोन रिंगांनी माझं काय केलं हे तुम्हाला कधी नीट सांगितलंच नाही.

पहिल्या रात्री फोन स्वयंपाकघरात फळीवर होता. मी भांडी घासत होते. फळी थरथरली, एकदा, दोनदा, आणि थांबली. साबणाचे हात तसेच ठेवून मी उभी राहिले. बोलावं लागलं नाही. "आता बरं आहे" असं खोटं सांगावं लागलं नाही. रडून दाखवावं लागलं नाही, आवरूनही दाखवावं लागलं नाही. कुणीतरी आत्ता, या क्षणापर्यंत, देवासमोर माझं नाव घेत होतं, एवढंच कळलं. नळ चालूच होता.

एका रात्री मी रागानं फोन बंद करून ठेवला. देवावर राग, भावावर राग, आणि तुमच्यावरही, रोज रोज काय हे म्हणून. सकाळी चालू केला तर निरोप होता, फोन बंद असताना नऊ वाजून दहा मिनिटांनी कॉल येऊन गेला. तुम्ही त्याबद्दल चकार शब्द काढला नाहीत. आणि ती पावणेबाराची रात्र आठवते? मी झोपलेच नव्हते, सारखी फोनकडे बघत होते. नंतर तुम्ही शरमून सांगितलंत की गुडघ्यांवरच डोळा लागला होता, दचकून उठले. मावशी, पकडलं जायच्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभूनं पेत्र, याकोब, योहान या शिष्यांना जागं राहायला सांगितलं होतं, तर तिघंही झोपले. त्या मानानं तुमचं बरंच बरं आहे.

चौथ्या महिन्यात कधीतरी रिंग थांबल्यावर माझ्या तोंडून आपसूक निघालं, "कुठं होतास तू?" बस, एवढंच. ना आमेन, ना काही. हे तुम्हाला सांगायला मी घाबरत होते. तुम्ही म्हणालात, "झाली की सुरू!" आणि योहानाच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय वाचायला सांगितलात.

लाजरची गोष्ट मला पाठ आहे असं वाटायचं. पण त्याच्या बहिणींच्या, मार्था-मरीयेच्या बाजूनं कधी वाचलीच नव्हती. मार्था प्रभूला भेटते तेव्हा म्हणते, आपण इथं असता तर माझा भाऊ मेला नसता. थोड्या वेळानं मरीया येते, आणि तीही तेच वाक्य म्हणते. मला वाटतं भाऊ गेल्यापासूनचे चार दिवस त्या दोघी घरात हेच बोलत असणार. आणि प्रभू दोघींपैकी एकीलाही असं म्हणत नाही की तुमचा विश्वास कमी पडला. मार्थेशी तो पुनरुत्थानाचं बोलतो. मरीयेला तर तेही नाही, त्याला कुठं ठेवलंय एवढं विचारतो, आणि रडतो. थोड्याच वेळात लाजरला मेलेल्यांतून उठवणार आहे हे ठाऊक असूनही आधी रडतो. त्या रात्री मी पुन्हा "तुझ्या इच्छेप्रमाणे"पाशी आले. अडले. पण या वेळी तिथंच बसून राहिले, उठून गेले नाही. अजूनही कधी कधी अडते. तुम्ही दाखवलेलं 88वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी ना आशा ना स्तुती, आणि तरी ते शास्त्रात आहेच की. म्हणून फारशी घाबरत नाही.

माइकवर छान प्रार्थना करणारे मी खूप बघितले, मावशी. पण एखाद्याचं दुःख मंडळीपुढे सांगायच्या आपल्या साक्षीत न वापरणारी, गुण आला का म्हणून न विचारणारी, नऊ दहा म्हणजे नऊ दहा पाळणारी माणसं किती असतात? ती पुढच्या रांगेत सापडत नाहीत. बहुतेक खुर्च्या आवरत असतात.

भावाला मी काय म्हणायला हवं होतं ते आता कळतं. "भीती वाटते" म्हणाला तेव्हा नुसतं "हो रे" म्हणून त्याच्याजवळ बसायला हवं होतं. हे मी देवाला सांगितलं आहे. तुम्हालाही सांगायचंय, पण पत्रात नाही.

तर एक विनंती आहे. आज दोनवर थांबू नका. तिसरी रिंग वाजू द्या. मी उचलणार आहे.

तुमची,
नऊ दहावाली