तुमच्या पॉटिंग मिक्समध्ये रोपं मेली आणि वर सल्लाही चुकीचा दिलात, त्याबद्दल तक्रार

प्रति,
कस्टमर केअर विभाग

नमस्कार,

तुमचं रेडीमेड पॉटिंग मिक्स आणि नंतर तुम्हीच घ्यायला लावलेला 'सर्व प्रकारच्या मर रोगावर' असं लिहिलेला स्प्रे, दोन्हीबद्दल तक्रार आहे. फोनवर बोलले, फोटो पाठवले, पण आलेलं उत्तर वाचून राग जास्तच वाढला म्हणून सगळं लिहून पाठवतेय. प्लीज झाडांमधलं कळणाऱ्या कुणालातरी वाचायला द्या.

स्नॅपड्रॅगन हे फुलझाड मी बियांपासून करते. बी धुळीसारखं बारीक, त्याला उगवायला उजेड लागतो म्हणून मातीत पुरायचं नाही, नुसतं वर भुरभुरवायचं, मग १०-१५ दिवसांनी हिरवे ठिपके दिसतात आणि तिथून रोप कुंडीत लावण्याएवढं व्हायला आठवडेच्या आठवडे जातात. पानांच्या चार-चार जोड्या आल्यावर शेंडे खुडले, फुटवे मस्त आले होते. एकाच ट्रेमधली अर्धी रोपं तुमच्या मिक्समध्ये लावली आणि अर्धी माझ्या नेहमीच्या माती, कुजलेलं शेणखत, जाड वाळूच्या मिश्रणात. ऊन तेच, कुंड्या शेजारी शेजारी, पाणी बोट घालून माती बघूनच. माझ्या मिश्रणातली आज कळ्यांवर आहेत. तुमच्यातल्यांनी एकेक करत माना टाकल्या, त्यातच लावलेले अ‍ॅस्टर आणि पिटुनियासुद्धा गेले.

तुमचं उत्तर काय, तर पाणी कमी पडतंय, वाढवा. अहो माती ओली होती! दुपारी मलूल झालेलं झाड संध्याकाळी ताठ होत असेल तर उन्हाचा त्रास म्हणता येतो, इथे सकाळी सकाळी पानं लोंबत होती. ओल्या मातीत झाड सुकतंय म्हणजे मुळं पाणी ओढत नाहीयेत, त्यावर आणखी पाणी घालायला सांगणं म्हणजे उरलेलं झाडही मारणं.

मी मेलेली रोपं उपटून बघितली. मुळं तपकिरी, मऊ, बोटांनी ओढलं की वरची साल निघून यायची आणि आत नुसता दोरा राहायचा. ही पिथियमच्या, म्हणजे ओल्या मातीत वाढणाऱ्या बुरशीसारख्या जीवाच्या, मूळकुजीची खूण आहे. खोडही उभं चिरून बघितलं, व्हर्टिसिलियम या मातीतून झाडात शिरणाऱ्या बुरशीची मर असती तर आत तपकिरी रेषा दिसायला हव्या होत्या, एकही नव्हती. आणि पिथियम ही खरी बुरशी नाहीच, त्यामुळे तुमच्या स्प्रेमध्ये जे कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक आहे ते त्याच्यावर चालतच नाही. व्हर्टिसिलियम असतं तरी पानांवर फवारून आत पाणी वाहणाऱ्या नळ्यांमध्ये शिरलेला रोग बरा होत नाही, झाड काढून टाकावं लागतं, तो मातीत वर्षानुवर्षं टिकतो. मग 'सर्व प्रकारच्या मर रोगावर' हे कशाच्या जोरावर छापलंय?

पिशवीवर 'निर्जंतुक' लिहिलंय. आत अर्धवट कुजलेला पालापाचोळा निघाला, आंबूस वास येत होता, आणि थोड्याच दिवसांत कुंड्यांवर बारीक काळी चिलटं घोंगावायला लागली. ही चिलटं मूळकूज एका कुंडीतून दुसऱ्या कुंडीत नेऊ शकतात. माती वाफेवर साधारण ७०-८० अंशांवर अर्धा तास ठेवली तर पिथियम मरतं, तुम्ही हे करता का, सरळ उत्तर द्या. शिवाय मिक्स चिखलासारखं बसतं, पाणी निथळतच नाही, पिथियमला तेच हवं असतं. उरलेली पिशवी 'स्प्रे मारून वापरा' असंही तुमच्या माणसाने सांगितलं, ते मी करणार नाही.

पैसे तर परत हवेतच, मिक्सचे आणि स्प्रेचे दोन्ही. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे या बॅचची तपासणी लॅबमध्ये करून रिपोर्ट मला पाठवा, ज्यांनी ज्यांनी ही बॅच घेतलीय त्यांना कळवा, लोक आत्ता रोपं लावत असतील, आणि स्प्रेवरचा तो दावा काढून टाका. सुकलेल्या झाडाचा फोटो आला की आधी 'माती ओली आहे का, मुळं बघितलीत का' एवढं तरी विचारायला तुमच्या लोकांना शिकवा.

बिल, बॅच नंबर, मुळांचे आणि चिरलेल्या खोडाचे फोटो जोडलेत. उरलेली पिशवी बांधून ठेवलीय, सँपल न्यायला माणूस कधी पाठवताय ते लेखी कळवा.

तुमची एक ग्राहक