विषय: मडगाव–मुंबई बसची वेळ परस्पर बदलल्याबद्दल आणि वर माझं अभिनंदन केल्याबद्दल तक्रार

मुंबई, दि. 12 मे 2024

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी

महोदय,

काल तुमच्या कस्टमर केअरशी शेवटचं बोललो. यापुढे फोन करणार नाही, म्हणून हे पत्र. तिकीट, पैसे भरल्याची पावती आणि मेसेजचे स्क्रीनशॉट सोबत जोडले आहेत. तुमचं 'ऑटो रीशेड्यूल' म्हणजे काय प्रकार आहे हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार, त्यामुळे ते समजावत बसत नाही.

बुधवार, 24 एप्रिल. मडगावहून मुंबईला येणारी तुमची एसी स्लीपर, तिकिटावर वेळ रात्री 10:45. ही गाडी मी मुद्दाम निवडली होती. त्या संध्याकाळी मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर आयएसएलच्या, म्हणजे इंडियन सुपर लीग या फुटबॉल स्पर्धेच्या सेमीफायनलचा पहिला लेग (दोन सामन्यांपैकी पहिला) होता, एफसी गोवा विरुद्ध मुंबई सिटी. साडेसातला किक-ऑफ, म्हणजे साडेनऊच्या आसपास मॅच आटोपते. स्टेडियमपासून कदंबा बस स्टँड चालत जाण्यासारखा. वर तासभर हाताशी, पोटात काहीतरी ढकलायला. सगळा हिशोब तुमच्या वेळापत्रकावर विसंबून केला होता.

हाफटाइमला मेसेज आला. बस 10:45 ऐवजी 9:30 ला सुटेल, पंधरा मिनिटं आधी हजर राहावे. चालेल का म्हणून विचारणं नाही, तिकीट रद्द करून पैसे परत घ्यायची सोय नाही. मेसेजमधला ड्रायव्हरचा नंबर 'उपलब्ध नाही'. रात्रीची दुसरी गाडी मला मिळण्यासारखी नव्हती आणि दुसऱ्या दिवशी दुपारी कामावर हजर होणं भाग होतं.

तरी 85व्या मिनिटापर्यंत बसलो. मुंबई दोन गोलनं मागे होती. पहिल्या हाफमध्ये बोरिस सिंगनं मारला, नंतर ब्रँडन फर्नांडिसनं. आणि अशा वेळी मी, मुंबईची निळी जर्सी घातलेला माणूस, गोव्याच्या लोकांच्या डोळ्यांदेखत पाठीवर बॅग टाकून उठलो. त्यांनी टाळ्या वाजवून निरोप दिला, तोही कृपया नोंदवून घ्या.

पुढचं सगळ्या देशानं पाहिलं. 90व्या मिनिटाला छांगटे. पुढच्याच मिनिटाला विक्रम प्रताप. इंज्युरी टाइमच्या सहाव्या मिनिटाला पुन्हा छांगटे. गोवा 2, मुंबई 3. भारतीय फुटबॉलमध्ये अशी सात मिनिटं कधी बघायला मिळतात सांगा. मी ती मोबाईलवर आकडे बदलताना बघितली, आधी रस्त्यात आणि मग कदंबा स्टँडवर, तुमच्या गाडीची वाट बघत.

गाडी 11:10 ला आली. 9:30 सांगून 11:10. मूळ वेळ तशीच ठेवली असतीत तरी ती पंचवीस मिनिटं उशिराच ठरली असती. म्हणजे वेळ बदलली नसतीत तर मी पूर्ण मॅच पाहून, शिट्टी वाजल्यावर नाचून, माशाचं ताट खाऊन आरामात गाडीत बसलो असतो. अ‍ॅपवरचं लाइव्ह ट्रॅकिंग मात्र सव्वानऊपासून 'बस 8 मिनिटांत' एवढंच सांगत होतं.

आता कालच्या फोनविषयी. हे सविस्तर लिहितो, कारण तुमच्याकडे रेकॉर्डिंग असतं असं प्रत्येक वेळी ऐकवलं जातं. तेव्हा ताडून बघा.

आधी गाणं ऐकलं, बराच वेळ. मग एक ताई आल्या. मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "सर, आपण बसमध्ये बसलात ना?" बसलो. "सर, बस मुंबईला पोचली ना?" पोचली. "मग सर, सिस्टिममध्ये ट्रिप कम्प्लिटेड दाखवतंय." मी म्हटलं, ताई, ट्रिप झाली, मॅच गेली. त्यावर थोडा विचार करून, "कुठली मॅच सर? मुंबई इंडियन्सची?" मी म्हटलं, फुटबॉल. मुंबई सिटी. "अच्छा अच्छा. म्हणजे सर, आपली टीम हरली का?" नाही हो, जिंकली. आणि इथे त्यांचा आवाज एकदम खुलला. "अरे वा! कॉन्ग्रॅच्युलेशन्स सर! मग प्रॉब्लेम काय आहे?"

मला बोलता येईना. तेवढ्यात त्यांनी पुढचं वाक्य टाकलं: "हायलाइट्स तर फ्रीमध्ये मिळतात ना सर." मग आणखी काही मदत करू का विचारलं, फोन ठेवला, आणि लगेच मेसेज आला की आमच्या सेवेला पाच पैकी किती तारे द्याल. त्या ताईंवर माझा राग नाही. त्यांच्यापुढे जे लिहून ठेवलं असेल तेच त्या वाचणार. राग ते लिहिणाऱ्यावर आहे.

प्रॉब्लेम काय आहे ते सांगतो. आम्हा मित्रांच्या ग्रुपमध्ये माझं नाव आता 'पंच्याऐंशी' आहे. टीम मागे पडली की उठून जाणारा माणूस, अशी ख्याती. मी! 2014 ला आपल्या टीमकडून खेळणाऱ्या फ्रान्सच्या आनेल्काला बघायला डी. वाय. पाटीलला जायचो, तेव्हापासून या टीमच्या मागे आहे. 2019 च्या सेमीफायनलला याच गोव्यानं अंधेरीत, आमच्या घरात येऊन 5-1 नं धुतलं. तेव्हा शेवटची शिट्टी होईपर्यंत जागचा हललो नव्हतो. 2021 ला आम्ही पहिला चषक याच फातोर्ड्यात उचलला, बिपिन सिंगनं 90व्या मिनिटाला गोल मारून. पण कोविडमुळे स्टेडियम रिकामं, तो घरी टीव्हीवर पाहिला. म्हणजे फातोर्ड्यात शेवटच्या मिनिटाचा गोल डोळ्यांनी बघणं बाकी होतं. तेही तुमच्या 9:30 नं खाल्लं. आणि गाडी आली 11:10 ला.

बाकी भरपाई म्हणून तुम्ही वॉलेटमध्ये 50 रुपयांचं कूपन टाकलंत, तीस दिवसांत वापरायचं. 4 मेला फायनलमध्ये कोलकात्याच्या सॉल्ट लेकवर मोहन बागानला 3-1 हरवून आम्ही चषक आणला आणि सीझन संपला. आता तीस दिवसांत कुठे जाऊ? ते कूपन तुमच्याकडेच ठेवा, ड्रायव्हरला घड्याळ घ्यायला होईल.

वाईट याचं वाटतं की गणपतीला कुडाळला जायला घरचे सगळे तुमच्याच गाडीनं जायचो. आई तर दुसऱ्या कुठल्या गाडीत बसायला तयार नसायची. जाहिरातीत तुम्ही 'वेळ म्हणजे वेळ' लिहिता, आम्ही ते खरं मानत होतो.

मागण्या अशा. तिकिटाचे पूर्ण पैसे वॉलेटमध्ये नव्हे, बँक खात्यात परत करा. वेळ बदलल्यावर रद्द करायचा पर्याय का दिला नाही, याचं उत्तर द्या. आणि कंपनीच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यानिशी लिहून द्या की 24 एप्रिलला या प्रवाशास कंपनीच्या मेसेजमुळे सामना संपण्याआधी स्टेडियम सोडावं लागलं. हसू नका. हे पत्र मला ग्रुपवर टाकायचं आहे. पैशांपेक्षा त्याची गरज जास्त आहे.

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार, आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं मी राहतो तिथल्या आयोगात दावा लावता येतो, आणि एवढ्या रकमेला फी लागत नाही. माझ्याकडे वेळ आहे, सीझन संपला आहे. शिवाय पुढच्या सीझनला अंधेरीत वेस्ट स्टँडमध्ये तुमच्या नावाचा बॅनर लावायचं पोरांनी आधीच ठरवलं आहे. अक्षरं मोठी असतील.

उत्तर लेखी द्या. फोन करू नका, अभिनंदन करायला तर मुळीच नको.

आपला माजी ग्राहक