अडीच गुंठे

लेस्टर
ती. आईंस,
साष्टांग नमस्कार.

हे फोनवर बोलले तर तुम्ही रडणार, मग मीही. म्हणून लिहिते आहे. ताईंकडून वाचून घेऊ नका, चष्मा लावून स्वतःच वाचा.

वर्षश्राद्धाला आलीस की आता परत जाऊ नकोस, माडीवरची खोली तुझीच आहे, असं म्हणालात. श्राद्धाला मी येणारच. पण कायमची नाही, तीन आठवड्यांनी परत फिरणार.

रागावण्याआधी इथल्या शेताचं ऐका. कौन्सिल लोकांना भाजी लावायला जमिनीचे तुकडे भाड्याने देतं, अलॉटमेंट म्हणतात. १९०८ सालचा तसा कायदाच आहे. पूर्ण तुकडा दहा रॉडचा, म्हणजे आपले अडीच गुंठे. ह्यांनी तो घेतला तेव्हा मी किती भांडले होते! घरचं हळदीचं रान सोडून इंग्लंडला आलो ते चिखल तुडवायला का? मी तिकडे पाऊलसुद्धा टाकलं नव्हतं.

मार्चमध्ये कौन्सिलचं पत्र आलं, कसत नसाल तर जमीन परत करा. ह्यांची अवजारं तेवढी आणू म्हणून गेले. शेडमध्ये घेवड्याच्या वेलाला लावायचे बांबू होते आणि प्रत्येक गाठीला माझ्या अबोली ओढणीची चिंधी! ती हरवली म्हणून मी घर उलथंपालथं केलं, तेव्हा हेही माझ्याबरोबर पलंगाखाली वाकून शोधत होते. तिथेच मोठ्याने ओरडले मी ह्यांच्यावर. शेजारच्या तुकड्यावरच्या गुजराती बा धावत आल्या.

बा युगांडाच्या. १९७२ मध्ये इदी अमीनने ९० दिवसांत देश सोडायला लावला. लेस्टरच्या कौन्सिलने तेव्हा तिकडच्या पेपरात जाहिरात दिली होती, आमच्या गावात येऊ नका म्हणून. बा हसत सांगतात, ‘ती वाचूनच कळलं की लेस्टर नावाचं गाव आहे.’ आता त्याच कौन्सिलच्या जमिनीत मेथी लावतात. त्यांनी माझी समजूत वगैरे काही काढली नाही. थर्मासमधला चहा दिला आणि कुदळ हातात दिली.

जमीन मी परत केली नाही. इथे मे निम्मा होईपर्यंत रात्री दव गोठतं, तोवर दुधीची रोपं खिडकीत ठेवावी लागतात. जूनमध्ये मात्र साडेनऊपर्यंत उजेड, ड्युटीवरून आल्यावरही दोन तास खुरपता येतं. बँकेचा साधा फॉर्म ह्यांच्याकडून भरून घेणारी मी, आता पाण्याच्या नळावरून कौन्सिलशी भांडते. गाडीही चालवते. रडू अजून येतं, नाही असं नाही, पण खुरपताना येतं आणि खुरपणं थांबत नाही.

निम्म्या अस्थी भाऊजींनी कृष्णेत सोडल्या, निम्म्या मी इथे सोअर नदीत, बोटीतून. तुम्ही वाई सोडून राहाल का कुठे? मग मला तरी कसं सोडवेल?

घेवड्याचं बी कुणाबरोबर पाठवू नका, कागदपत्रांशिवाय आणू देत नाहीत. श्राद्ध झालं की तुमच्या पासपोर्टाचं बघू, पुढच्या जूनमध्ये तुम्हीच या. आधारवरची जन्मतारीख भाऊजींना आत्ताच तपासायला सांगा, शाळेच्या दाखल्यावर दुसरीच आहे.

तुमची,
धाकटी